लघुपटाचा हिशेब शेवटाकडून मांडा : पैसे उभे करण्यापासून महोत्सवाच्या पडद्यापर्यंत

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडे येतं. शूटिंग झालेलं असतं, एडिटही बऱ्यापैकी बसलेलं असतं, आणि गाडी तिथेच अडलेली असते. साउंड मिक्स नाही, सबटायटल नाहीत, महोत्सवांची फी भरायला पैसे नाहीत. वर्षभराने त्या फिल्मबद्दल विचारलं की दिग्दर्शक विषय बदलतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच फिल्म खरंच चांगल्या असतात. ‘पैसे कमी पडले’ असं सगळेच सांगतात. बजेटचा कागद मागितला की दिसतं, होते नव्हते ते सगळे पैसे शूटिंगच्या तीन दिवसांत उडवलेले असतात.

म्हणून माझा पहिल्यापासून एकच आग्रह आहे : बजेट मांडायला बसाल तेव्हा महोत्सवाच्या थिएटरातल्या खेळापासून सुरुवात करा आणि मागे मागे येत कॅमेऱ्यापर्यंत पोहोचा. हे सगळं हवेत राहू नये म्हणून मी माझ्याच एका लघुपटाचे आकडे उघड करून सांगते. कथा साधी होती. रेशन दुकानातलं मशीन आजीचा अंगठा ओळखत नाही, कारण आयुष्यभर खुरपं धरून बोटांच्या रेषाच झिजल्यात. सात वर्षांची नात आजीची ओळख पटवून द्यायला निघते. सातारा जिल्ह्यातलं एक गाव, तीन दिवसांचं शूटिंग, सोळा जणांचं युनिट, चौदा मिनिटांची फिल्म.

लांबी आधी ठरवा

कथा लिहिण्याआधीच लांबीचा विचार करा म्हटलं की लोक नाराज होतात. पण हे नियम एकदा बघून घ्या. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटं आहे. व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात २०, बर्लिनाले शॉर्ट्समध्ये ३०, ऑस्करसाठी ४०, आणि सनडान्सला ५० मिनिटांच्या आत. यात शेवटची नामावली धरलेली असते. साडेचौदा मिनिटांच्या फिल्मला पाऊण मिनिटाची नामावली जोडलीत, तर कानचं दार तुम्ही स्वतःच्या हाताने लावलंत.

आणखी एक गोष्ट. महोत्सवात लघुपट एकेकटा दाखवत नाहीत, पाच-सहा फिल्म एकत्र बांधून दीड तासाचा एक खेळ करतात. तुमची फिल्म २८ मिनिटांची असेल तर ती दुसऱ्या दोघांची जागा खाते, आणि निवड करणाऱ्याला ती दोघांहून चांगली वाटावी लागते. आमचा पहिला कट १९ मिनिटांचा होता. आजी शेतातून घरी येते तो अख्खा प्रवास आम्ही काढून टाकला. तो काढताना मला दोन रात्री झोप आली नाही. आज फिल्म बघताना त्या प्रवासाची आठवणही होत नाही.

आकडे

आमचं एकूण बजेट ४,२०,००० रुपये होतं. शेवटाकडून मांडते.

महोत्सवांची फी ४५,०००, पोस्टर आणि फोटो ७,०००, दिग्दर्शकाचा प्रवास २०,०००. हे झाले ७२,०००.

त्याच्या अलीकडे : एडिट १५,०००, साउंड डिझाइन आणि मिक्स ३५,०००, कलर १५,०००, संगीत १२,०००, सबटायटल ५,०००, डीसीपी (थिएटरात फिल्म दाखवायला लागणारी डिजिटल प्रत) ८,०००. एकूण ९०,०००.

मग शूटिंग : कॅमेरा, लेन्स आणि लाइटचं भाडं अटेंडंटसकट ६६,०००; साउंड रेकॉर्डिस्ट त्याच्या सामानासह दिवसाला ९,००० प्रमाणे २७,०००; गाडी आणि टेम्पो २४,०००; जेवणखाण २९,०००; कपडे आणि आर्ट १५,०००; कलाकार-तंत्रज्ञांचं मानधन ४५,०००; परवानग्या ८,०००; हार्ड डिस्क १२,०००. एकूण २,२६,०००. राहण्याची सोय गावातल्या ओळखीच्या घरांत झाली, म्हणून तो खर्च वाचला.

अडीअडचणीसाठी ३२,००० वेगळे ठेवले होते. त्यातले १४,००० दुसऱ्या दिवशीच गेले, कारण टेम्पो घाटात बंद पडला आणि सामान आणायला दुसरी गाडी करावी लागली.

या हिशेबात पॅक-अपनंतरचा, म्हणजे शूटिंग संपल्यानंतरचा खर्च १,६२,००० आहे, म्हणजे एकूण बजेटच्या साधारण ३९ टक्के. तुमचं बजेट चार लाखांचं असो की चाळीस हजारांचं, हे प्रमाण मोडू नका. पैसे खरंच कमी असतील तर कॅमेरा साधा घ्या, मोबाइलवर शूट करा, एक दिवस कमी करा. साउंड आणि महोत्सवाच्या पैशाला मात्र हात लावू नका. आम्ही हे ७२,००० वेगळ्या खात्यात टाकले होते आणि त्या खात्याचं कार्ड मुद्दाम घरी ठेवून शूटिंगला गेलो.

जेवणाच्या पैशात काटकसर करू नका, हेही इथेच सांगते. कमी मानधनावर काम करणाऱ्या माणसाला वेळेवर गरम जेवण मिळालं नाही, तर दुपारनंतरच्या प्रत्येक शॉटमध्ये ते दिसतं. गावातल्या दोन वहिनींनी आम्हाला तीन दिवस भाकरी-पिठलं, आमटी-भात करून घातला, माणशी दिवसाला ४५० रुपयांत चहा-नाश्त्यासकट. स्पॉटदादा सकाळी साडेपाचला पहिला चहा द्यायचे. तेवढ्यावर युनिट हसतमुख राहिलं.

पैसे कुठून आणायचे

लघुपटाला निर्माता मिळत नाही, कारण तो पैसा परत येण्याची वाट फार अरुंद आहे. हे मान्य करून मागायला बसलात की बोलणं सोपं होतं.

फिल्मचं शिक्षण घेत असाल तर तुमचा सर्वात मोठा निर्माता तुमची संस्थाच आहे. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेतल्या चिदानंद नाईक यांनी टीव्ही विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात वर्षअखेरीचं काम म्हणून १६ मिनिटांचा कन्नड लघुपट केला. म्हातारी गावातला कोंबडा चोरते आणि गावात उजाडतच नाही, ही त्यातली लोककथा. त्याचं शूटिंग चार दिवसांत झालं. २०२४ साली कानच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात ५५५ फिल्म शाळांमधून २,२६३ प्रवेशिका आल्या होत्या, त्यातून १८ निवडल्या गेल्या, आणि या फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. संस्थेत असताना मिळणारा कॅमेरा, स्टुडिओ आणि मिक्सिंगची खोली बाहेर पडल्यावर लाखाच्या घरात जाते. आत आहात तोवर ती पुरेपूर वापरा.

बाकीच्यांसाठी लोकवर्गणी. ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. ती फिल्म १९७६ ची, आणि तिची दुरुस्त केलेली प्रत २०२४ च्या त्याच कान महोत्सवात दाखवली गेली. गणपतीची वर्गणी गोळा करणारा आपला समाज आहे. चांगल्या कामाला हातभार लावायची सवय लोकांना आहे. फक्त विचारायचं कसं, हे जमलं पाहिजे.

मी साठ नावांची यादी केली. ग्रुपवर एकही मेसेज टाकला नाही, कारण ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांना उद्देशून असतो, म्हणजे कुणालाच नसतो. प्रत्येकाला फोन केला, आणि रक्कम नेमक्या कामासाठी मागितली. ‘फिल्मला मदत करा’ म्हटलं की समोरचा पाचशे रुपये पाठवतो. ‘साउंड रेकॉर्डिस्टचा एक दिवस ९,००० चा आहे, तो तुम्ही द्याल का?’ असं विचारलं, तर तो विचार करून उत्तर देतो. आत्याने युनिटच्या एका दिवसाच्या जेवणाचे पैसे दिले आणि त्या दिवशी स्वतः लाडू घेऊन आली. ४३ जणांकडून १,५५,००० जमले. माझी बचत १,२०,००० होती.

गावातल्या पतसंस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्याकडे मी दोनदा जाऊन बसले. पहिल्यांदा त्यांनी कथा ऐकली आणि काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, “माझ्या आईचा अंगठा पण उठत नव्हता, पोरी. पन्नास हजार देतो. पण पिक्चर आपल्या चौकात दाखवायचा.” हे ५०,००० धरून शूटिंगपुरते पैसे झाले. उरलेले ९५,००० रफ कट, म्हणजे एडिटची पहिली कच्ची प्रत झाल्यावर उभे राहिले. कथा ऐकून नकार दिलेल्या लोकांना आम्ही तीन मिनिटांचा तुकडा दाखवला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पैसे दिले. दुसऱ्या फेरीसाठी अशी माणसं मुद्दाम राखून ठेवा.

करांची बाब आधीच सीएला विचारा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली, तर ती सगळी रक्कम करपात्र होते, फक्त वरची नाही. आणि कायद्याच्या व्याख्येत मामा, आत्या बसतात. मामेभाऊ बसत नाही. कुणाचं नाव किंवा बोधचिन्ह फिल्ममध्ये जाहिरातीसारखं येणार असेल, तर ती रक्कम भेट राहत नाही. वेगळं खातं, प्रत्येक रकमेची नोंद, प्रत्येक खर्चाची पावती, एवढं पहिल्या दिवसापासून ठेवा.

संस्थांच्या अनुदानाबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. परदेशी निधी बहुतांशी पूर्ण लांबीच्या फिल्म आणि माहितीपटांसाठी असतात. कलाविषयक प्रकल्प असेल तर बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचे कार्यक्रम वाचा. इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, २०२१ पासून तरुणांची निवड करणारा उपक्रम सुरू झाला, आणि पुढे त्यात ४८ तासांत फिल्म करायला लावू लागले. त्यात पैशापेक्षा ओळखी मिळतात, आणि पुढच्या फिल्मला त्या कामी येतात.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण चांगल्या फिल्म इथे अडकतात.

कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा लेखक म्हणजे निर्माता. दिग्दर्शक तुम्ही असाल, कथा तुमची असेल, पण कागदावर निर्माता म्हणून मित्राचं नाव असेल तर हक्क त्याचे. आधी मैत्री आणि मग कागद असं करू नका. पहिल्याच बैठकीत एका पानावर लिहून सह्या करा. पटकथा दुसऱ्याच्या कथेवर असेल तर त्या लेखकाचा लेखी होकार हवा. प्रत्येक कलाकाराची आणि जागेच्या मालकाची संमती हवी.

फिल्ममध्ये मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायचे असतात. आमची नात सात वर्षांची. आम्ही तिचे शॉट सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा असे लावले. त्याने शेड्यूल लांबलं, पण संध्याकाळच्या सीनमध्ये ती पोर ताजीतवानी होती, आणि ते पडद्यावर दिसतं.

प्राणी दिसणार असतील, अगदी दारात बांधलेली शेळी असली तरी, शूटिंगआधी भारतीय पशु कल्याण मंडळाकडे अर्ज करावा लागतो. सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यायला जाल तेव्हा मंडळाचा कागद मागतात. आम्ही शेवटी शेळी काढून टाकली. गड-किल्ल्यावर शूट करायचं असेल तर तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे की राज्याच्या, हे आधी शोधा. दोन्हींच्या परवानग्या वेगळ्या. राज्य सरकारच्या जागांसाठी चित्रनगरीची एक खिडकी योजना आहे.

संगीतात मराठी लोक एक चूक हमखास करतात. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे म्हणून यूट्यूबवरून रेकॉर्डिंग उचलतात. शब्द सर्वांचे, हे खरं. पण ती चाल कुणीतरी बांधलेली असते आणि ते ध्वनिमुद्रण एखाद्या कंपनीचं असतं. दोन्हींचे हक्क लागतात. चहाच्या टपरीवर मागे रेडिओवर जुनं गाणं वाजतंय, एवढ्यालाही परवानगी लागते. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत अभंग गाऊन घ्या, त्यांची लेखी संमती आणि योग्य बिदागी द्या. आम्ही तेच केलं, आणि तो आवाज कुठल्याही स्टुडिओत मिळाला नसता.

शूटिंग : कान उघडे ठेवून रेकी

कॅमेऱ्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, मी आवाजाबद्दल सांगते. रेकीला, म्हणजे शूटिंगच्या जागेची आधी पाहणी करायला जाल तेव्हा ज्या वेळी शूट करायचं आहे त्याच वेळी जा आणि दहा मिनिटं डोळे मिटून बसा. पिठाची गिरणी किती वाजता सुरू होते? देवळाचा भोंगा कधी? शेतीची वीज कुठल्या वारी दिवसा येते, म्हणजे मोटारी कधी चालू असतात? गावची यात्रा कधी, लग्नाच्या तारखा कुठल्या? पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याचा हंगाम सुरू असेल तर उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून रस्त्याने जातात. दोन ट्रॅक्टरांच्या मधली चार मिनिटं हीच तुमच्या संवादाची वेळ. आम्ही एका पोराला गावाच्या वेशीवर मोबाइल देऊन उभं केलं होतं. ट्रॅक्टर दिसला की तो फोन करायचा, आणि आम्ही टेक थांबवायचो.

प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटमध्ये संवाद जोडताना ती लागते. पहिल्या दिवसापासून २४ फ्रेमवर शूट करा. मोबाइल आणि काही कॅमेरे आपोआप ३० किंवा २५ वर असतात आणि त्याचा त्रास शेवटी डीसीपी करताना होतो. रोज रात्री फुटेज दोन डिस्कवर उतरवा, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत जाऊ द्या.

पॅक-अपनंतर

सबटायटलला लोक एका संध्याकाळचं काम समजतात. परदेशातला निवड करणारा तुमची फिल्म ऐकत नाही, वाचतो. आमच्या पहिल्या भाषांतरात आजी पाहुण्याला ‘बसा, चहा टाकते’ म्हणाली, आणि इंग्रजीत तिने चहा फेकला. वहिनी, जाऊ, आत्या, मामी या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द लागला, त्यामुळे कोण कुणाचं ते कळेना. मग आम्ही प्रत्येकीला नावाने हाक मारायला लावली. इंग्रजी ज्याची पहिली भाषा आहे अशा माणसाकडून शेवटची नजर फिरवून घ्या. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरांपर्यंत, आणि एक सेकंदापेक्षा कमी वेळ काहीही पडद्यावर ठेवू नका. सबटायटलची एसआरटी फाइल वेगळी जपा आणि सबटायटल नसलेली स्वच्छ प्रतही ठेवा, कारण फ्रान्समधला महोत्सव फ्रेंच सबटायटल घालू शकतो.

मिक्स झाल्यावर फिल्म मोठ्या पडद्यावर एकदा बघाच. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर वापरून डीसीपी घरीही बनतो, पण तो तपासायला थिएटर लागतं. तालुक्याच्या थिएटरवाल्या काकांना विनंती केली, त्यांनी सकाळच्या पहिल्या खेळाआधीची वीस मिनिटं दिली. तिथे कळलं की आजीची कुजबूज तिसऱ्या रांगेच्या मागे ऐकूच येत नाही. पुन्हा मिक्सला बसलो.

महोत्सव

आता ते ४५,००० खर्च करायची वेळ.

बहुतेक प्रवेशिका फिल्मफ्रीवे या वेबसाइटवरून जातात. युरोपातले बरेच लघुपट महोत्सव शॉर्टफिल्मडेपो वापरतात. फी २० ते ६० डॉलर सर्रास असते, लवकर पाठवलं तर कमी, शेवटच्या तारखेला जवळपास दुप्पट. त्यावर बँकेचा परकी चलनाचा आकार. म्हणजे अंधाधुंद पाठवलं तर १५ महोत्सवांत पैसे संपतात. जर्मनीतल्या ओबरहाउझेनसारखे, १९५४ पासून चालत आलेले महोत्सव फी घेत नाहीत. त्यांच्यापासून सुरुवात करा. बाकीच्यांना फी माफीसाठी चार ओळींचं पत्र लिहा : फिल्म कशाबद्दल आहे, तुमच्याच महोत्सवाला का पाठवतेय, बजेट किती होतं, आणि विनंती. रडगाणं नको. मी लिहिलेल्या पत्रांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला होकार आला.

वर्षाचं चक्र डोक्यात ठेवा. जानेवारीत पुण्याचा पिफ, जानेवारीअखेर-फेब्रुवारीत रॉटरडॅम आणि लघुपटांची पंढरी असलेलं फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ, फेब्रुवारीत बर्लिन, एप्रिलअखेर ते मे ओबरहाउझेन आणि कान, ऑगस्टमध्ये लोकार्नो, त्याच्या पाठोपाठ व्हेनिस, नोव्हेंबरात गोव्याचा इफ्फी आणि धर्मशाला. मुंबईचा मिफ १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो आणि तो माहितीपट, लघुपट व अ‍ॅनिमेशनसाठीच आहे. प्रवेशिका तीन ते पाच महिने आधी बंद होतात. फिल्म पावसाळा संपता संपता तयार असेल तर पुढच्या वर्षाचं जवळपास अख्खं चक्र तुमच्या हातात असतं.

क्रम महत्त्वाचा. काही मोठ्या महोत्सवांना फिल्म आधी कुठेही दाखवलेली चालत नाही. व्हेनिसला जागतिक पहिला खेळ स्वतःकडेच हवा असतो. म्हणून आधी चार-पाच मोठे, त्यांचा निकाल येईपर्यंत थांबा, मग बाकीचे. या काळात फिल्म यूट्यूबवर टाकू नका.

आपली फिल्म कुणासाठी आहे याचा नीट विचार केला तर लहान दारातून मोठ्या घरात जाता येतं. अमर कौशिक यांचा ‘आबा’ हा अरुणाचलातला, आपातानी भाषेतला लघुपट. तो २०१७ साली बर्लिनच्या मुलांसाठीच्या जनरेशन केप्लस विभागात गेला आणि तिथे सर्वोत्तम लघुपटाचं पारितोषिक घेऊन आला. तुमच्या फिल्ममध्ये मूल असेल तर बालचित्रपट महोत्सव, म्हातारपण असेल तर त्या विषयाचे, शेती-पाणी असेल तर पर्यावरणाचे महोत्सव शोधा. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, मेलबर्न, स्टुटगार्ट इथे भारतीय चित्रपटांचे महोत्सव आहेत, आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळींनीही २०२४ पासून सॅन होजेत मराठी चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. बेंगळुरूचा लघुपट महोत्सव ऑस्करची पात्रता देणाऱ्या महोत्सवांच्या यादीत आहे. ही यादी ऑस्कर देणारी अकादमी दरवर्षी काढते, ती वाचूनच फी भरा.

राष्ट्रीय पुरस्कारासाठी मात्र सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावरची तारीख त्या वर्षात बसावी लागते. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ला २०१० सालचा, दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तिथून पुढचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रातल्या लहान गावातून आलेल्या दिग्दर्शकाने हा अर्ज चुकवू नये असं मला फार वाटतं.

आता सावध राहण्याची गोष्ट. पैसे घेऊन पुरस्कार वाटणारे ‘महोत्सव’ शेकड्यांनी आहेत. ते ओळखायच्या खुणा : दर महिन्याला निकाल, साठ-साठ पुरस्कार, नावात एखाद्या मोठ्या परदेशी शहराचं नाव, पण कुठल्या थिएटरात खेळ होतो याचा पत्ता नाही, प्रेक्षकांचे फोटो नाहीत, आणि जिंकल्यावर ट्रॉफीचे वेगळे पैसे. पोस्टरवर अशी वीस पदकं लावलेली फिल्म जाणकार माणूस उघडतच नाही. तसंच कानच्या बाजारात लघुपटाची नोंदणी करणं आणि कानच्या स्पर्धेत निवड होणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. नोंदणी करा, लोकांना भेटा, पण पोस्टरवर ‘कानमध्ये निवड’ लिहू नका. खोटं पकडलं जातं, आणि पुढच्या फिल्मपर्यंत लक्षात राहतं.

अर्जातले दोन परिच्छेद जीव ओतून लिहा. कथेची एक ओळ लिहिताना ‘ही आशा आणि संघर्षाची कहाणी आहे’ असलं काही नको. मशीन, अंगठा आणि नात एवढं सांगितलं की माणूस लिंक उघडतो. दिग्दर्शकाच्या मनोगतात ही फिल्म तुम्हीच का केली ते सांगा, दीडशे शब्दांत.

लिंक आणि पासवर्ड कधीही बदलू नका. मी एका महोत्सवानंतर काळजीपोटी पासवर्ड बदलला आणि विसरून गेले. तेव्हा अकरा ठिकाणी फिल्म विचाराधीन होती. त्यातल्या एकानेच मेल करून कळवलं. बाकी दहा जणांनी ती कधी बघितली की नाही, कुणास ठाऊक. त्या चुकीची मला अजून चुटपुट लागते. म्हणून एक तक्ता करा : महोत्सव, पाठवल्याची तारीख, फी, विभाग, पहिल्या खेळाची अट, दिलेली लिंक, निकाल.

आम्ही चौदा महिन्यांत ३८ ठिकाणी पाठवली. पहिली अकरा उत्तरं नकाराची होती. बाराव्या ठिकाणी निवड झाली, एकूण सात ठिकाणी. नकाराच्या पत्राला उत्तर देऊ नका, वाद घालू नका, पुढचा अर्ज भरा. निवड झाली तर त्याच दिवशी होकार कळवा, आमंत्रणपत्र मागा, कारण व्हिसाला वेळ लागतो. राहण्याची सोय किती रात्रींची आणि खेळाचं मानधन देतात का, हेही न लाजता विचारा. काही महोत्सव देतात, पण न मागणाऱ्याला आपणहून क्वचितच. तिथे गेलात तर दुसऱ्यांच्या फिल्म बघा. माझ्या पुढच्या फिल्मची साउंड डिझायनर मला अशाच एका खेळानंतर, चहाच्या रांगेत भेटली.

परत येताना

बक्षीस आणि मानधन धरून आमच्या हाती ३२,००० आले. ते कलाकारांना वाटून दिले, कारण त्यांनी कमीत काम केलं होतं. पैसे देणाऱ्या सगळ्यांना तीन वेळा पत्र गेलं : शूटिंग संपल्यावर, पहिल्या निवडीला, आणि शेवटी पूर्ण हिशेबासह. हिशेब दाखवल्यावर दोघांनी पुढच्या फिल्मचं विचारलं.

महोत्सवांची फेरी संपल्यावर फिल्म अण्णांच्या चौकात लावली. अशा खेळासाठी घरगुती प्रोजेक्टर पुरत नाही, लग्नकार्याला भाड्याने मिळणारा मोठा घ्या. आणि रस्त्यावरचा दिवा बंद करायला वायरमनदादांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आम्ही सबटायटल नसलेली प्रत लावली. मशीनवर आजीचा अंगठा तिसऱ्यांदा नाकारला गेला तेव्हा पुढे बसलेल्या बायकांमधून कुणीतरी म्हणालं, “तेल लाव म्हणावं बोटाला, उठतंय मग.” अण्णांनी फिल्म पुन्हा एकदा लावायला सांगितली.